भाचा की पुतण्या? शाब्दिक बुद्धिमापन आणि आपल्या मुली

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांच्या दोन कन्यांच्या विद्याभ्यासाचा प्रसंग आहे. भगवंतांनी ब्राह्मीला अक्षरे शिकविली आणि सुंदरीला अंक शिकविले. भरत-बाहुबली आदी पुत्रांच्या शिक्षणाचे वर्णन त्यानंतर येते. पाठशाळेतील लहान मुलांनाही ही कथा ठाऊक असते. ब्राह्मी लिपीचे नाव या कन्येवरून पडले, असे आपली परंपरा मानते. ज्या समाजाच्या स्मृतीत अक्षरविद्येची पहिली विद्यार्थिनी एक मुलगी आहे, त्या समाजाने आजच्या मुलींची शाब्दिक बुद्धी कोणत्या मापाने मोजली जाते याची चौकशी करावयास हवी, असे मला वाटते.

चौकशीचे कारण व्यावहारिकही आहे. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, पुढे बँकेची अथवा अन्य स्पर्धा परीक्षा, आणि आपल्या समाजातील कित्येक न्यासांच्या शिष्यवृत्त्या, या सर्वांच्या दारात आज बुद्धिमत्ता चाचणी उभी आहे. माझ्या पिढीने चौथी व सातवीत दिलेली शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये पाचवी व आठवीकडे सरकली. त्या रचनेत एकूण ३०० गुणांपैकी १०० गुण केवळ बुद्धिमत्ता चाचणीचे. प्रश्न पन्नास, प्रत्येकाला दोन गुण. भाषेला त्याहून कमी गुण असतात. शिवाय बुद्धिमत्तेच्या त्या पन्नास प्रश्नांतही शब्दांवर उभे असलेले प्रश्न थोडे नसतात: समसंबंध, गटात न बसणारा पद, दिशा, रांगेतील क्रम, सांकेतिक भाषा, आणि नातेसंबंध.

नातेसंबंधाच्या एका प्रश्नापासूनच आरंभ करतो. कारंजा-मानोरा रस्त्यावरील आमच्या इंझोरीत संध्याकाळी काही मुले-मुली माझ्याकडे असे प्रश्न सोडविण्यास येतात. बाजारात मिळणाऱ्या एका सराव-पुस्तिकेत पुढील प्रश्न होता. छायाचित्रातील मुलाकडे बोट दाखवून वैशाली म्हणाली, "हा माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा." तर तो वैशालीचा कोण? पर्याय होते भाऊ, पुतण्या, मामा, भाचा. सातवीतील एका मुलीने क्षणाचाही विलंब न लावता 'भाचा' या पर्यायावर खूण केली. पुस्तिकेच्या शेवटी दिलेले उत्तर 'पुतण्या' असे होते. मी ते दाखविल्यावर ती म्हणाली, "आजोबा, वैशाली तर त्याची आत्या झाली नं? मग तो तिचा भाचाच."

मुलीचे उत्तर निर्विवाद बरोबर आहे. मराठीत भावाचा मुलगा पुरुषाचा पुतण्या असतो, पण स्त्रीचा तो भाचा असतो. स्त्रीला पुतण्या लाभतो तो दिराच्या किंवा जावेच्या नात्याने, सासरकडून. इंग्रजीत या सर्वांना 'नेफ्यू' हा एकच शब्द पुरतो. प्रश्न मूळ इंग्रजीतून आला असावा, आणि तो मराठीत आणणाऱ्याने वैशालीचे नाव तेवढे कायम ठेवून नाते मात्र पुरुषाच्या जागी उभे राहून मोजले. आता परीक्षेच्या खोलीत काय घडते ते पाहा. जी मुलगी आपल्या घरातील नाती नीट जाणते तिचे दोन गुण जातात आणि जो मुलगा प्रश्न स्वतःवरून सोडवितो ('माझ्या भावाचा मुलगा म्हणजे पुतण्या') त्याला ते मिळतात. त्या दोन गुणांचा हिशेब उद्या 'तर्कशक्ती' या सदराखाली मांडला जाईल.

एवढा उघड दोष क्वचितच सापडतो. बाकीचे दोष सौम्य असतात, म्हणूनच ते टिकून राहतात. दिशेच्या प्रश्नात उत्तरेकडे पाच किलोमीटर चालून उजवीकडे वळणारा बहुधा 'एक माणूस' किंवा राजू असतो. रांगेत डावीकडून सातवा राम असतो. दुकानदार नफा मिळवितो, अधिकारी सही करतो, आई मात्र भाजी आणते. इंग्रजीत विद्यार्थी म्हटल्याने मुलगा की मुलगी हे कळत नाही. मराठीत क्रियापद ते लपू देत नाही. 'चालला' म्हटले की चालणारा ठरलाच. यामुळे मुलीला उत्तर येत नाही असे मी म्हणणार नाही. आमच्याकडील मुली राजूला बिनचूक पूर्वेकडे पोहोचवितात. परंतु जेथे उत्तरासाठी त्या जगाची ओळख लागते तेथे फरक पडतो. 'वही : शिक्षक' अशा जोडीऐवजी 'शिट्टी : पंच' आणि 'यष्टी : गोलंदाज' अशा जोड्या आल्या की ज्याची संध्याकाळ मैदानावर जाते त्याला त्या विचार न करता सुटतात. उलट बाजूही आहे. 'पळी, झारा, उलथणे, डवरा' यांतून वेगळा शब्द निवडावयास सांगितल्यास इंझोरीतील मुलगा व मुलगी दोघेही तो सोडवतील, पण पुण्यातील सदनिकेत वाढलेला हुशार मुलगा अडखळेल. डवरा म्हणजे काय हे न कळणे ही त्याच्या बुद्धीची उणीव मानण्यास कोणीही धजणार नाही. यष्टी न कळणाऱ्या मुलीला मात्र आपण तेवढी सवलत सहजासहजी देत नाही.

हा प्रश्न मराठीपुरता किंवा आजचा नाही. बुद्धिमापनाची आधुनिक पद्धत १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमोन यांनी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत मिळावी हा तिचा हेतू होता. १९०८ च्या आवृत्तीत एक गमतीचा प्रश्न होता: मुलांना स्त्रियांच्या चेहऱ्यांच्या तीन जोड्या दाखवावयाच्या आणि विचारावयाचे, यांपैकी सुंदर कोण? पाच-सहा वर्षांच्या बालकाची बुद्धी यावरून ठरत असे, आणि हा प्रश्न अमेरिकेतील आवृत्त्यांमध्येही पुढे अनेक दशके टिकला. पुरुषांचे चेहरे तुलनेसाठी घ्यावेत असे कोणाला सुचले नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये या चाचणीची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात साधारण तेराव्या वर्षापर्यंत मुली मुलांपेक्षा किंचित पुढे आढळल्या. टर्मन यांनी हा निष्कर्ष झाकला नाही. स्त्रिया थोर पदांवर कमी दिसतात याचे कारण बुद्धीबाहेरचे, संधीच्या अभावाचे असू शकते, असे त्यांनी मांडले. मात्र १९३७ मध्ये त्यांनी व मॉड मेरिल यांनी चाचणीची नवी आवृत्ती बांधली तेव्हा ज्या प्रश्नांत मुलगे व मुली यांच्यात मोठा फरक पडत होता ते प्रश्न गाळून टाकले. परिणामी दोघांची सरासरी जवळजवळ सारखी आली.

ही घटना फार महत्त्वाची आहे आणि तिचा अर्थ बहुधा उलटा लावला जातो. 'बुद्धिगुणांक मुला-मुलींत सारखाच असतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे,' असे आपण व्याख्यानांतून ऐकतो. वस्तुतः ती समानता मोजण्याआधीच मापात घातलेली होती. निर्णय योग्य होता असेच माझे मत आहे. पण तो निर्णय होता, माणसांनी घेतलेला. ज्यांना मुलींची आघाडी गाळून टाकता आली त्यांना मुलांची आघाडीही तशीच ठेवता किंवा गाळता आली असती. कोणता प्रश्न बुद्धीचा आणि कोणता केवळ परिचयाचा, हे ठरविणारा हात नेहमीच कोणाचा तरी असतो.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला येथे तेरीज आठवते. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या की नवखा कारकून सुटकेचा निःश्वास टाकतो. मुरलेला लेखापाल तसे करीत नाही, कारण एकमेकींची भरपाई करणाऱ्या चुका तेरजेत दिसत नाहीत. एका खात्यात पाचशे जास्त आणि दुसऱ्यात पाचशे जास्त, एक नावे व एक जमा, की बेरीज जुळली! चाचणीचेही असेच आहे. दहा प्रश्न मुलांकडे झुकलेले व दहा मुलींकडे झुकलेले असले तरी सरासरी सारखी येईल. पण त्या वीस प्रश्नांपैकी एकही प्रश्न खरा नसेल. म्हणून खाते खात्याशी पडताळावे लागते. १९८० च्या दशकात चाचणीशास्त्रज्ञांनी हीच पद्धत रूढ केली. एकूण गुण सारखे असलेली मुले व मुली निवडावयाची आणि एकेका प्रश्नावर त्यांची तुलना करावयाची. एकंदरीत तोलामोलाची मुले आणि मुली एखाद्याच प्रश्नावर दूर गेली तर त्या प्रश्नात बुद्धीखेरीज आणखी काही मोजले जात आहे, असा संशय घेता येतो.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात फार पूर्वी झाली. वि. वा. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी सुधारून घेतली. त्यावरील त्यांचा निबंध १९३४ मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आणि ग्रंथ १९४० मध्ये ऑक्सफर्ड प्रेसतर्फे प्रसिद्ध झाला. शब्दाला शब्द ठेवून चाचणी एका भाषेतून दुसरीत नेता येत नाही, तिची आपल्या मुलांवर नव्याने पारख करावी लागते, ही जाणीव नव्वद वर्षांपूर्वी मराठीत होती. आजच्या सराव-पुस्तिका पाहिल्या की ती कोठे गेली, असा प्रश्न पडतो.

मुलींच्या वाट्याला शाब्दिक चाचणीतून काय आले, याची सर्वांत विलक्षण कथा इंग्लंडमधील आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना ग्रामर स्कूल अथवा सामान्य शाळेत पाठविण्याची पद्धत पक्की झाली. इंग्रजी, अंकगणित आणि शाब्दिक तर्क हे तिचे मुख्य भाग. या वयात मुली सरस ठरू लागल्या. गुणानुक्रमे निवड केली असती तर ग्रामर स्कूलमध्ये मुलींची संख्या स्पष्टपणे अधिक झाली असती. मग अनेक स्थानिक प्राधिकरणांनी मुलांची व मुलींची यादी वेगळी केली, म्हणजेच मुलींसाठी उत्तीर्णतेची रेषा वर नेली. मुली लवकर प्रौढ होतात, मुलगे मागाहून गाठतात, असे समर्थन दिले गेले. ज्या बुद्धिमापनावर एवढा विश्वास होता त्याचेच उत्तर गैरसोयीचे ठरताच ते 'वयाचा परिणाम' ठरले! बर्मिंगहॅममध्ये काही अनुदानित ग्रामर शाळांत मुलांसाठी ५४० व मुलींसाठी ३६० जागा होत्या, त्यामुळे मुलींना प्रवेशासाठी अधिक गुण मिळवावे लागत. हे प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९८९ मध्ये हा लिंगभेद असल्याचा निर्णय लागला.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, न्यूयॉर्कमध्ये दुसरा निकाल लागला. न्यासांच्या विश्वस्तांनी तो मुद्दाम वाचावा. न्यूयॉर्क राज्य शालान्त विद्यार्थ्यांना दोन प्रकारच्या शिष्यवृत्त्या केवळ सॅट या परीक्षेच्या गुणांवर देत असे. १९८७ मध्ये स्पर्धेत मुलगे ४७ टक्के होते. त्यांना एका शिष्यवृत्तीतील ७२ टक्के आणि दुसरीतील ५७ टक्के वाटा मिळाला. शाळेच्या वर्षभराच्या गुणांत मात्र मुली मागे नव्हत्या. शिष्यवृत्ती होती शालेय कर्तृत्वाच्या गौरवासाठी आणि मोजले जात होते एका सकाळचे काम. न्यायाधीश जॉन वॉकर यांनी केवळ या परीक्षेवर निवड करण्यास मनाई केली. शालेय गुण आणि परीक्षा यांचा मेळ घालण्याचा मार्ग खुलाच होता. आपल्या परिभाषेत बोलायचे तर एका नयाला संपूर्ण सत्य मानण्याचा तो दोष होता.

याच सॅटच्या शाब्दिक भागात १९७० पर्यंत मुली किंचित पुढे असत. पुढे त्या भागात राजकारण, व्यापार, क्रीडा या विषयांवरील मजकूर वाढविण्यात आला आणि काही वर्षांतच मुलगे पुढे गेले. चाचणी बनविणाऱ्या संस्थेतील संशोधिका कॅरोल ड्वायर यांनीच हे नमूद केले आहे. गणिताच्या भागात मुलींची पिछाडी भरून काढण्यासाठी तशी तजवीज झाली नाही. 'धावपटू : मॅरेथॉन' या जोडीला 'वल्हेकरी : रेगाटा' ही जोडी जुळविण्याचा या परीक्षेतील प्रश्न तर कुप्रसिद्धच आहे. रेगाटा म्हणजे नौकांची शर्यत, हे ठाऊक असण्यासाठी नदीकाठच्या श्रीमंत क्लबाशी ओळख हवी. समसंबंधाचे प्रश्न २००५ मध्ये त्या परीक्षेतून काढले गेले. आपल्याकडे ते अजून उत्साहाने घातले जातात.

तर मग खरा फरक किती? जॅनेट हाइड व मार्शिया लिन यांनी १९८८ मध्ये १६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. शाब्दिक क्षमतेत मुलींची आघाडी इतकी अल्प निघाली की ती नगण्य मानावी, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे 'मुली उपजतच बोलक्या, त्यांना भाषा द्यावी. मुलांना गणित' हे घरगुती शास्त्रही टिकत नाही. प्रश्नांची घडण मात्र निकाल हलवू शकते. २०१८ मध्ये अमेरिकेतील चौथी व आठवीच्या सुमारे ऐंशी लाख विद्यार्थ्यांच्या गुणांवरील अभ्यासात असे दिसले की जेथे पर्यायी प्रश्न अधिक तेथे मुलगे तुलनेने वर येतात आणि जेथे उत्तर लिहावे लागते तेथे मुली. चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची पद्धत असली की मुली शंका असलेला प्रश्न सोडून देतात आणि मुलगे ठोकून देतात, असेही कॅथरीन बाल्डिगा यांच्या २०१४ च्या प्रयोगात आढळले. बँकेच्या परीक्षांत चुकीसाठी पाव गुण कापला जातो. भरतीनंतर प्रत्यक्ष कामात मी पाहिले ते वेगळेच. खातरी नसताना सही न करणारा अधिकारी शाखेला हवा असतो.

जाता जाता आपल्या आगमातील एका बुद्धिमापनाचा उल्लेख करतो. श्वेतांबर परंपरेतील ज्ञाताधर्मकथेत धन्य सार्थवाह आपल्या चार सुनांना शालीचे पाच-पाच दाणे देतो आणि पाच वर्षांनी परत मागतो. उज्झिकेने ते फेकले, भोगवतीने खाल्ले, रक्षितेने डबीत जपले, रोहिणीने पेरून पेरून गाड्या भरतील एवढे केले. आमच्या धंद्यात रक्षिता म्हणजे लॉकर आणि रोहिणी म्हणजे पुनर्गुंतवणूक ठेव! या चाचणीत शब्दांचा अडसर नव्हता, चौघींना सारखे दाणे होते, वेळही भरपूर होता. निकालानुसार एकीकडे झाडलोट, दुसरीकडे स्वयंपाक, तिसरीकडे कोठार आणि रोहिणीकडे सर्व घराचा कारभार गेला. पुत्रांची परीक्षा सार्थवाहाने घेतल्याचे मात्र कथेत नाही.

शब्दांचा अडसर टाळण्याचा एक आधुनिक मार्ग जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दिसतो. तेथील मानसिक क्षमतेच्या भागात केवळ आकृत्या असतात. भाषा वेगळी तपासली जाते. आणि तरीही एक तृतीयांश जागा मुलींसाठी ठेवलेल्या असतात. मापात सर्व दोष दूर झाले असे गृहीत न धरता निवडीतही तजवीज ठेवण्याचा हा विचार मला शहाणपणाचा वाटतो. आकृत्यांवरच सारी भिस्त ठेवावी असे मात्र नव्हे. शब्द ही बुद्धीची मोठी वाट आहे आणि ब्राह्मीच्या लेकींची ती वाट बंद करणे हा उपाय नाही.

आपल्या हातात राज्याची परीक्षा नाही. न्यासांच्या शिष्यवृत्त्या आहेत. कारंज्याचे महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ साली मुलांसाठी उघडले. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. समाजाचा पैसा शिक्षणाकडे वळविण्याची सवय आपल्याला जुनी आहे. तो पैसा आता पुष्कळ ठिकाणी शंभर गुणांच्या एका पर्यायी प्रश्नपत्रिकेवर वाटला जातो, कारण ते सोपे असते आणि निःपक्षपाती दिसते. त्याऐवजी निम्मा भार शाळेच्या वर्षभराच्या गुणांना द्यावा. पर्यायी प्रश्नांबरोबर पाच-सात ओळींचे एखादे लेखन ठेवावे. तपासण्यास वेळ लागेल, परंतु निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत. गुण कापू नयेत. प्रश्नपत्रिका छपाईला जाण्यापूर्वी स्त्रियांनी वाचावी, विशेषतः नात्यांचे प्रश्न, आणि खेड्यातील एखाद्या व्यक्तीनेही वाचावी. परीक्षेनंतर साध्या खतावणीच्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने काढावेत: किती मुलांनी व किती मुलींनी तो बरोबर सोडविला. वीस-तीस मुलांच्या परीक्षेत अशा आकड्यांवरून काही सिद्ध होणार नाही, हे मीच आधी सांगतो. पण कोणता प्रश्न पुन्हा वाचावयाचा एवढे त्यावरून कळते, आणि तीन-चार वर्षांचे कागद एकत्र केले म्हणजे आणखी थोडे कळते.

माझ्या परिचयातील एका न्यासाने यंदाचा कच्चा मसुदा दोन निवृत्त शिक्षिकांकडे पाठविला होता. पेन्सिलीच्या खुणांसह तो परत आला असून दुरुस्तीचे काम चालू आहे.